तेल प्यालेलं मॅनिफोल्ड: एका एमजीबीच्या फ्युएल इंजेक्शनचं प्रकरण

पाण्याच्या टबात मॅनिफोल्ड (इंजिनला हवा पोचवणारं नळ्यांचं ओतीव कास्टिंग) बुडवलं, आत अर्धा बार दाबाची हवा सोडली आणि दोन्ही बंगांच्या (इंजेक्टर बसवायला वेल्ड केलेल्या कड्यांच्या) भोवती मोत्यांच्या माळेसारखे बुडबुडे यायला लागले. गाडीचा मालक शेजारी उभा होता, त्याचा चेहरा पडला, मला मात्र हायसं वाटलं कारण चार महिने हा माणूस ईसीयूला (इंजेक्शनच्या कॉम्प्युटरला), सेन्सरला, ट्युनिंगला शिव्या घालत होता आणि दोष होता तो इथे डोळ्यासमोर, मोजता येण्यासारखा.

गाडी १९६९ ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची स्पोर्ट्स कार, इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली, इंजिन बी-सिरीज १७९८ सीसी. आपल्या वाचकांसाठी एक ओळखीचा धागा सांगतो, आपली ॲम्बॅसेडर वर्षानुवर्षं जे १४८९ सीसी पेट्रोल इंजिन घेऊन फिरली ते ह्याच बी-सिरीज घराण्यातलं, स्ट्रोक तोच ८८.९ मिमी, बोअर तेवढा लहान. त्यामुळे कोल्हापूर-सांगलीकडे ज्यांनी ॲम्बॅसेडरचं हेड उतरवलंय त्यांना पुढचं सगळं लगेच कळेल. मी स्वतः उद्यमनगरात एका फाउंड्रीत फेटलिंगला (कास्टिंग साफ करायला) आणि नंतर मशीन शॉपला काम शिकलो, आता इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ असतो आणि शनिवार-रविवार जुन्या गाड्यांची अशी कामं करतो.

मालक निवृत्त शिक्षक, गाडी तरुणपणापासून त्यांच्याकडे. दोन एसयू कार्बोरेटर चांगले चालत होते, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं, एसयू नीट लावला तर त्याच्यासारखा साधा आणि इमानी कार्बोरेटर नाही असं माझं मत आहे. पण त्यांना हिवाळ्यात चोक ओढत बसायचा कंटाळा आलेला, डोंगराळ भागात लांब फिरायला जायचं होतं, आणि इंजेक्शन बसवायचंच होतं. अट एकच, बॉनेट उघडलं की दोन एसयू दिसले पाहिजेत आणि मॅनिफोल्ड गाडीचं मूळचंच राहिलं पाहिजे, नवीन विकत आणायचं नाही. म्हणून ठरलेलं काम असं की एसयूची बॉडी आणि बटरफ्लाय (हवेची झडप) ठेवायची, आतला पिस्टन आणि सुई काढायची, जेट बंद करायचं, स्पिंडलला थ्रॉटल सेन्सर लावायचा आणि इंजेक्टर बसवायला मॅनिफोल्डवर ॲल्युमिनियमचे बंग वेल्ड करायचे. कल्पना चांगलीच होती, ते वेल्डिंग मात्र माझ्याकडे यायच्या आधी दुसऱ्या एका वर्कशॉपने केलेलं.

त्यांचं बिल मालकांनी जपून ठेवलेलं, त्यावर फिलर वायरचा नंबरसुद्धा होता, ५३५६. तिथेच मला निम्मं उत्तर मिळालं. ५३५६ मध्ये मॅग्नेशियम असतं, पत्र्याला आणि प्लेटला ती वायर उत्तम, पण असल्या ओतीव मॅनिफोल्डच्या धातूत सिलिकॉन भरपूर असतं, कारण सिलिकॉनमुळे रस साच्यात पातळ वाहतो. सिलिकॉन आणि मॅग्नेशियम एकत्र आले की सांधा ठिसूळ होतो आणि थंड होता होताच कडेने तडा जातो. इथे तसंच झालेलं, भिंगाखाली बीडच्या (वेल्डच्या पट्टीच्या) काठाने केसासारखी रेघ दिसत होती. अशा कास्टिंगला ४०४३ घ्यायची, त्यात साधारण ५ टक्के सिलिकॉन असतं, किंवा मग ४०४७, त्यात १२ टक्क्यांच्या आसपास.

दुसरी चूक जास्त महाग होती. मॅनिफोल्ड टेबलावर तसंच मोकळं ठेवून वेल्ड केलेलं. हेडला बसणाऱ्या फेसवर स्ट्रेट एज ठेवली तर मधे ०.७ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) आरामात आत जात होता. गॅस्केट एवढं भरून काढत नाही.

जुने बंग कापून काढले, वेल्डचा सगळा धातू कार्बाइड बरने (कापणाऱ्या फिरत्या टोकाने) खरवडून चांगला धातू लागेपर्यंत मागे गेलो. इथे ग्राइंडिंगचा दगड वापरू नका, दगडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढच्या वेल्डमध्ये घाण म्हणून वर येतात. ब्रश स्टेनलेसचा आणि तो फक्त ॲल्युमिनियमसाठी राखून ठेवलेला, ज्या ब्रशने काल लोखंड घासलं तो आज इथे चालत नाही. पुसायला ॲसिटोन, आणि ते पूर्ण उडून गेल्याशिवाय आर्क लावायचा नाही. ब्रेक क्लीनरच्या काही डब्यांमध्ये क्लोरीनवालं सॉल्व्हंट असतं, ते आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत आलं की फॉस्जीन तयार होतो, विषारी वायू आहे तो. वेल्डिंगच्या टेबलाजवळ तो डबा आणूच नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि सांगत राहणार.

एवढं करून मी कोपऱ्यावर एक चाचणीचा बीड मारला. टिग म्हणजे आपल्याकडे ज्याला आर्गन म्हणतात तेच, एसी करंट, शुद्ध आर्गन. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर, त्यामुळे एसीचा अर्धा फेरा तो पापुद्रा फोडायला लागतो आणि अर्धा फेरा धातू वितळवायला. वितळलेल्या धातूचं तळं चकचकीत झालं, मी खूश झालो, आणि दुसऱ्या सेकंदाला तळाशी एक काळा ठिपका आला, मग दोन, मग सगळं तळं मिरी टाकलेल्या ताकासारखं दिसायला लागलं आणि थंड झाल्यावर बीड स्पंज.

सुट्टीचा दिवस होता, मी उद्यमनगरातल्या माझ्या जुन्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला आणि बीड कॅमेऱ्याजवळ धरला. त्यांनी क्षणभर बघितलं.

"आरं, त्याल प्यालंय ते. आधी वकू दे त्याला, मग टाका घाल."

"काका, ॲसिटोनने तीनदा पुसलंय."

"वरनं पुसून काय हुतंय? पोटात हाय त्याच्या."

अगदी बरोबर. पन्नास वर्षं क्रँककेसची वाफ, पेट्रोल, तेल ह्या कास्टिंगच्या भोकाभोकांत मुरलेलं. ओतीव धातू वरून घट्ट दिसतो पण आत बारीक पोकळ्या असतातच. जर्मनच्या जुन्या पातेल्यात आमटीचा वास कसा बसतो, तसंच.

मग वर्कशॉपच्या ओव्हनमध्ये मॅनिफोल्ड २०० अंशाला दोन तास ठेवलं (घरच्या ओव्हनमध्ये हे कधीही करू नका, धूर खाण्याच्या जागी नको). बाहेर काढलं तेव्हा रनरच्या (मॅनिफोल्डच्या नळीच्या) खालच्या बाजूला तपकिरी घामाचे थेंब. पुसलं, परत ठेवलं, परत घाम. तिसऱ्या वेळी कोरडं निघालं. त्यानंतर जिथे बंग बसणार तिथली जागा फिलर न घालता नुसत्या आर्कने वितळवली, वर आलेली काळी साय बरने काढली, परत वितळवली. असं चार वेळा केल्यावर तळं आरशासारखं राहिलं. वेल्डिंगला म्हणून जो वेळ लागला तो सगळा मिळून दीड तास असेल, ह्या ओकण्याच्या कार्यक्रमाला दोन शनिवार गेले.

आता बंग कुठे आणि कोणत्या कोनात, ह्यावर मला थोडं थांबावंच लागेल कारण बी-सिरीजमध्ये हाच खरा पेच आहे. हेड बिडाचं, त्यात इनटेकचे पोर्ट चार नाहीत, दोनच. एक आणि दोन नंबरच्या सिलिंडरला मिळून एक, तीन आणि चारला मिळून एक. म्हणजे सयामी जुळे. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, त्यामुळे एकाच पोर्टमधून दोन नंबर श्वास घेतो आणि लगेच क्रँकच्या १८० अंशांनी एक नंबर, मग परत दोन नंबर थेट ५४० अंशांनी, मधे बराच काळ शांतता. तीन-चारच्या जोडीत आधी तीन, मग चार. दोन्हीकडे आतला सिलिंडर पहिला, बाहेरचा दुसरा. त्यात एमजीबीच्या कॅमवर इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर) १६ अंश आधी उघडतो आणि बीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात खाली) ५६ अंश नंतर बंद होतो, म्हणजे ७२ अंशांपर्यंत दोघांचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे, एकाच ताटात दोघं जेवतायत. आता इंजेक्टर पोर्टच्या अगदी तोंडाशी बसवला आणि शांततेच्या काळात पेट्रोल फवारलं, तर ते साचलेलं पेट्रोल पहिला येणारा आतला सिलिंडर घेऊन जातो आणि बाहेरचा उपाशी राहतो. कार्बोरेटरला हा त्रास कमी, कारण तिथे हवा ओढली जाते तेव्हाच पेट्रोल येतं. मिनीचं ए-सिरीज इंजिनही असंच दोन पोर्टवालं, आणि रोव्हरने नव्वदच्या दशकात तिला आधी सिंगल पॉइंट (सगळ्यांना मिळून एकच इंजेक्टर) आणि नंतर दोन इंजेक्टरवालं इंजेक्शन दिलं तेव्हा त्यांनाही ह्याच जुळ्यांशी झगडावं लागलं.

आधीच्या वर्कशॉपने बंग हेडच्या फेसला जवळजवळ चिकटवलेले. मी ते मागे, कार्बोरेटरच्या फ्लँजच्या बाजूला जेवढे सरकवता येतील तेवढे सरकवले आणि फवारा पोर्टच्या मध्यावर पडेल असा कोन ठेवला, एका बाजूच्या भिंतीवर नाही. कोन ठरवायला लाकडी दांडकं तासून रनरमधून पोर्टात घालून बघितलं, साधी युक्ती आहे पण बॉनेटची जागा, इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या रेलची जागा आणि खाली असलेल्या एक्झॉस्टचा ताव हे सगळं एकदम समोर येतं. बी-सिरीजमध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, त्यामुळे रेलखाली उष्णतेची ढाल लागतेच.

बंग ६०८२ च्या सळईतून लेथवर काढले, खालची बाजू रनरच्या गोलाईला बसेल अशी खोगिरासारखी घासली. भोक मुद्दाम दीड मिमी लहान ठेवलं, कारण वेल्ड आकसला की गोल भोक अंडाकृती होतं आणि मग ओ-रिंग एका बाजूने हवा ओढते. पूर्ण माप वेल्डनंतर रीमरने. तोंडाला चांगला उतार द्यायचा, नाहीतर इंजेक्टर दाबताना ओ-रिंगला चीर जाते आणि ती चीर डोळ्याला दिसत नाही.

फिक्स्चर म्हणून २५ मिमी जाड लोखंडी प्लेटला सहा भोकं पाडून मॅनिफोल्ड त्यावर आवळलं. गॅसने १५० अंशापर्यंत गरम केलं, तापमानाच्या खडूने तपासत. १६० अँपिअरच्या आसपास, टॉर्चचं तोंड जाड बंगाकडे, पातळ रनरकडे नाही, रनरची भिंत जेमतेम ५ मिमी. एका बंगावर चतुर्थांश घेर, मग दुसऱ्यावर, मग परत पहिल्यावर, एका जागी ताव साठू द्यायचा नाही. शेवटी करंट हळूहळू उतरवत खड्डा भरून आर्क सोडायचा, तडा कायम त्या शेवटच्या खड्ड्यातून सुरू होतो. आणि मग प्लेटवर आवळलेलंच रात्रभर सोडून दिलं, वर पोतं टाकून. गरम असताना बोल्ट सैल करायचा मोह प्रत्येकाला होतो.

सकाळी टबात बुडवलं. एकच बुडबुडा, मागच्या बंगाच्या खाली, दहा-बारा सेकंदांनी एक. तेवढंच खरवडून, गरम करून, परत मारलं. मग पाणी शांत.

फेस मोजला, ०.७ चा वाक ताव आणि प्लेटमुळे ०.३ वर आलेला. मिलिंगवर ०.४ मिमी काढून सपाट केला, आतल्या बाजूला वेल्डचे लोंबलेले थेंब बरने गुळगुळीत केले, दोनदा धुतलं, गाडीवर चढवलं. एसयूचा जुना पंप इंजेक्शनच्या ३ बारपुढे अगदीच कमी, म्हणून नवीन पंप, परतीची लाइन आणि इथेनॉल सहन करणारे होज आधीच बसवलेले, ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालंय आणि जुने रबर त्यात फुगतात. इंजेक्टरचा हिशेब सरळ, इंजिन ९५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं, प्रत्येक हॉर्सपॉवरला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल, दोन इंजेक्टरमध्ये वाटून आणि ८० टक्क्यांपेक्षा जास्त उघडे ठेवायचे नाहीत असं धरून मिनिटाला साधारण ३१५ सीसीचा एकेक.

चावी फिरवली, गाडी लगेच सुरू झाली आणि आयडल ९०० ते १३०० मध्ये झोके घ्यायला लागलं. एक्झॉस्ट तपासणारा वाइडबँड मीटर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) दाखवतोय. म्हणजे परत हवा.

मालक म्हणाले, "वेल्ड पुन्हा सुटलं का?"

मी म्हणालो, "वेल्ड सुटलं नाहीये, तुम्ही मला दोन दिवस द्या."

धूर सोडून बघितलं तर धूर बंगातून नाही, फ्लँजच्या काठाने, मधल्या स्टडजवळून येत होता. मी स्टडची नटं काढली, वॉशर हातात घेतला आणि चूक माझी आहे हे तिथेच कळलं. ह्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन वेगळी मॅनिफोल्ड, पण ती एकाच गॅस्केटवर शेजारी-शेजारी बसतात आणि मधल्या स्टडवरचा जाड वॉशर अर्धा इनटेकच्या फ्लँजवर आणि अर्धा एक्झॉस्टच्या फ्लँजवर टेकतो. दोघांना एकच नट धरतो. मी इनटेकमधून ०.४ मिमी काढले, एक्झॉस्ट तसंच राहिलं, म्हणजे वॉशर एक्झॉस्टवर टेकून तिरका झाला आणि इनटेकवर दाब नाहीच. वॉशरवरची खूण स्पष्ट होती, एका बाजूला अर्धचंद्र चकचकीत, दुसऱ्या बाजूला काळं तसंच. नट कितीही आवळा, जोर सगळा चुकीच्या मॅनिफोल्डवर.

आणि एवढ्यावर भागलं नाही. इनटेक पोर्टमध्ये जागा जुळवायला रिंगा असतात, अर्ध्या हेडच्या खाचेत, अर्ध्या मॅनिफोल्डच्या. फेस ०.४ ने खाली गेला म्हणजे खाचही ०.४ ने उथळ झाली, रिंग तळाला टेकून मॅनिफोल्डला हेडपासून ढकलत होती. दोन्ही कारणं एकाच दिशेची.

एकाने सुचवलं की पायरी काढलेले वॉशर कर, एक बाजू ०.४ जाड. होतं ते काम, पण मी नाही केलं, कारण दहा वर्षांनी दुसरा कोणी मॅनिफोल्ड उतरवेल आणि वॉशर उलटा घालेल, मग त्याचा शोध कोण घेणार. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवलं, दोन्ही त्याच लोखंडी प्लेटवर शेजारी आवळली आणि जिथे वॉशर टेकतात त्या जागांची उंची डेप्थ गेजने मोजली. एक्झॉस्टचा फेसही सपाट नव्हताच, तापून तापून दोन्ही टोकं उचललेली. तो मिलिंगवर तेवढाच घेतला, दोन्ही फ्लँज ०.०५ मिमीच्या आत जुळल्या, रिंगांच्या खाचा ०.४ ने खोल केल्या, नवीन गॅस्केट, नवीन वॉशर. ह्यात एक पूर्ण दिवस गेला आणि त्याचे पैसे मी मालकांकडून घेतले नाहीत, कारण प्लेटवर दोन्ही एकत्र मोजायला मला पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली असती.

ह्यावेळी आयडल ८५० वर आलं आणि हललं नाही. मॅप सेन्सरची (तो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो) नळी दोन्ही रनर जोडणाऱ्या बॅलन्स पाइपच्या मधोमध घेतलेली, तरी सुई नाचत होती, नळीत १ मिमी भोकाचा जेट घातला आणि ती शांत झाली.

जुळ्या पोर्टांचं दुखणं मात्र बंग मागे सरकवून पूर्ण गेलं नव्हतं. शंभर मैल चालवून प्लग काढले तर दोन आणि तीन काळपट, एक आणि चार पांढरट, पुस्तकात काढून दाखवावं असं. मग डिस्ट्रिब्युटरच्या जागी कॅमचा सिग्नल देणारा ट्रिगर बसवला, तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो म्हणून कुठला सिलिंडर आता श्वास घेणार हे ईसीयूला कळतं, आणि प्रत्येक इंजेक्टरला दोन छोटे घोट द्यायला लावले, पहिला आतल्यासाठी, दुसरा आतल्याचा व्हॉल्व्ह मिटत असताना बाहेरच्यासाठी. हा दुसरा घोट किती अंशावर द्यायचा ह्यासाठी मालक गाडी चालवत आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन असे तीन रविवार गेले. ३००० आरपीएमच्या खाली चारही प्लग एका रंगाचे आले. त्याच्या वर दोन घोटांमधलं अंतरच इतकं कमी उरतं की फरक थोडा राहतो, तिथे मी सगळंच मिश्रण किंचित रिच (पेट्रोल जास्त) ठेवलंय म्हणजे एक आणि चारला धोका नको.

मार्चमध्ये, बाराशे मैलांनंतर, मालक गाडी तपासायला घेऊन आले. नटांवर पाना लावून बघितला, एकही सैल नाही. धुराचं मशीन लावलं, काही नाही. मग त्यांच्या आग्रहाखातर मॅनिफोल्ड उतरवलं आणि फेसवर स्ट्रेट एज ठेवून ०.०५ चा फीलर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश प्रयत्न केला, कुठेच गेला नाही. वॉशरवरची खूण ह्यावेळी पूर्ण गोल होती, तिचा फोटो मी मिस्त्रींना पाठवला.

त्यांचा उलट मेसेज आला, "आता बसलं."